मळ्यावर उतरलेला धूर

भीतीची सुरुवात मेथीच्या वाफ्यापासून झाली. सकाळी मी भाजी खुडायला गेले तर पानं पांढरी पडलेली. पिवळी नव्हे, पांढरी. जुन्या लुगड्याचा रंग जागोजाग उडावा तशी. पानाच्या शिरा हिरव्याच होत्या, पण शिरांच्या मधला भाग वाळून चुरचुरीत झाला होता. कीड म्हणावी तर पानाला कुठे भोक नव्हतं. थंडीनं करपली म्हणावं तर शेंडे ताठ उभे होते. आदल्या दिवशी मी याच वाफ्यापुढून गेले होते आणि तो हिरवागार होता. मी एक पान तोडून चुरगाळलं. त्याचा वास मेथीचा नव्हता.

आमचा मळा अकोल्याच्या बाहेर, मोर्णेच्या काठाला होता. माझं माहेर अचलपूरचं. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा कापसाचं वेड नुकतंच सुरू झालं होतं. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इंग्रजांच्या गिरण्यांना आता वऱ्हाडचा कापूस पाहिजे, एवढंच आमच्या कानावर आलं होतं. शेजारच्या काळ्या रानातली ज्वारी गेली, तूर गेली, गुरं चरायची पट्टीसुद्धा नांगरली गेली. आम्ही माळी, आमची जमीन थोडी. तिच्यात कापूस लावायला मामींनी साफ नकार दिला. मामी म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात. सासरे मी येण्याआधीच वारले होते आणि सगळा मळा मामींच्या शब्दावर चालायचा. "कापूस खाता येते काय?" एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला होता.

त्यांचा खरा जीव पानमळ्यात होता. शेवरीची आणि पांगाऱ्याची झाडं दाट लावून त्यांच्यावर नागवेली चढवलेल्या होत्या. आत शिरलं की भर उन्हाळ्यातही अंगावर गारवा यायचा, पायाखालची माती कायम ओलसर. तिथले नियम कडक होते. चपला बाहेर काढायच्या. आत थुंकायचं नाही. आणि बाईनं महिन्याच्या अडचणीत आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल उभी वाळते, असं मामी सांगायच्या. त्यांना त्यांच्या सासूनं तसंच सांगितलेलं. त्या दिवसांत बसायला मळ्याच्या उगवतीकडच्या टोकाला एक खोपटी होती. खोपटीच्या शेजारी भाजीचे वाफे, मग पानमळा, पानमळ्याच्या पलीकडे विहीर आणि आमचं घर. म्हणजे खोपटीतल्या बाईला घरी यायचं तर पानमळ्याला वळसा घालून, बांधाबांधानं लांबून यावं लागे.

त्या बांधाच्या पलीकडे, नाल्याला लागून, त्या वर्षी वीटभट्टी लागली. कोणा मोठ्या व्यापाऱ्याला कापसाच्या गाठींसाठी पक्की वखार बांधायची होती. सुरुवातीला भट्टीत बाभळीची लाकडं जळायची. तो धूर आमच्या ओळखीचा होता. पण हळूहळू आजूबाजूच्या बाभळी संपल्या. खानदेशाकडून रेल्वेचा रस्ता जिथवर आला होता, तिथून बैलगाड्यांनी दगडी कोळसा यायला लागला, आणि भट्टीवाल्यांनी तो भरला. त्या धुराचा वास वेगळा होता. दिवाळीत लवंगी फुटल्यावर येतो तसा, गंधकाचा. खरजेवर लावायला मामी गंधक ठेवत, त्यामुळे मी तो लगेच ओळखला. पण वासाचा आणि मेथीचा काही संबंध असेल हे तेव्हा मनातही आलं नाही.

मी मामींना हाक मारली. त्या आल्या, वाफ्यात वाकल्या, पान उलटून पाहिलं, हुंगलं. मग मान वर करून त्यांनी खोपटीकडे पाहिलं. मी आदल्याच दिवशी खोपटीतून न्हाऊन घरात आले होते.

"तू अठून गेली होतीस काय?"

"हो मामी."

"न्हाऊन? का आधीच?"

"न्हाऊन गेली. खरंच न्हाऊन."

त्यांनी हातातलं पान टाकलं आणि हात लुगड्याला पुसला. मी खरंच न्हाले होते. तरी मी मनात पुन्हा पुन्हा तो दिवस आठवून पाहू लागले. केस नीट भिजले होते का? उंबऱ्यावरचं पाणी पायांवर घेतलं होतं का? माणसाकडे एकदा संशयानं पाहिलं की तो स्वतःलाच तपासायला लागतो.

दुपारी हे जेवायला आले. माझे यजमान अबोल माणूस. आईपुढे तर अगदीच कमी बोलायचे. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "माय, एक गोष्ट समजून नाही राह्यली. काल बैल लंगडला म्हणून मोट अर्ध्यातच थांबली. जेवढ्या वाफ्याईले पाणी पोचलं, तेवढेच जळाले. ज्याईले पाणी नाही भेटलं ते हिरवेगार हायेत."

"नीट पाह्यलं?"

"वाफ्याच्या बांधावर उभा राहून पाह्यलं. एका अंगाले पांढरं, दुसऱ्या अंगाले हिरवं."

आम्ही तिघंही पाण्याच्या माठाकडे पाहत होतो.

तान्हलेलं वाचलं आणि पाणी प्यालेलं मेलं, याचा अर्थ आम्हाला एकच सुचला: विहिरीत कोणीतरी काही टाकलं. माझी मुलगी तेव्हा धरून धरून उभी राहायला लागली होती. अंगावर प्यायची, पण चार घोट पाणीही घ्यायची. सकाळीच मी तिला त्या माठातलं पाणी पाजलं होतं. मी ताटावरून उठले, तिला उचललं आणि तिच्या घशात बोट घातलं. ती कळवळली, ओकली, रडून लाल झाली. मामी ओरडल्या नाहीत. त्याच पुढे होऊन तिची पाठ चोळायला लागल्या.

त्या दिवसापासून आम्ही विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नाही. मी नदीच्या वाळूत झिरा खणून, त्यात झिरपलेल्या पाण्यानं वाटीवाटीनं कळशी भरून आणायची. यांनी एक गोऱ्हा विहिरीच्या पाण्यावर ठेवला आणि आम्ही येता-जाता त्याच्याकडे पाहायचो, तो आता पडेल, मग पडेल म्हणून. गोऱ्हा मजेत होता. तरी धीर होईना. विष सावकाश चढणारंही असतं, असं मामी म्हणाल्या. आणि मुलीला खोकला लागला होता. कोरडा, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. नदीचं पाणी पीत असतानाही खोकला थांबेना.

आमची भाजी बाजारात नेणारी एक बाई होती. तिनं वाफे पाहिले आणि टोपली रिकामीच उचलली. "रागावू नोका, पण ह्या मळ्यातलं आता कोणी नाही खानार. लोक म्हणून राह्यले का पटकी याच्यातूनच येते," ती म्हणाली. पटकीच्या साथीचं नाव काढलं की तेव्हा माणसं गाव सोडायची. आमच्या बांधावरून जाणारे लोक नाकाला पदर, उपरणं लावून जाऊ लागले. शेजारचा एक शेतकरी तर यांना भेटल्यावर चार पावलं मागे सरला.

मग काही दिवसांनी भट्टी विझली. विटा निघाल्या, गाड्या भरून गेल्या. मेथीला नवी फूट आली, हिरवी. मुलीचा खोकलाही कमी झाला. मला वाटलं, संकट टळलं. तरी मी यांना म्हटलं, "अजी, मले अन् पोरीले काही दिवस अचलपूरले सोडून द्या."

"पानं उतरवायची हायेत. माय एकटी कशी करन? एवढी तोड होऊ दे, मंग सोडतो."

त्यांचंही खरं होतं. मी थांबले.

पौषातली थंडी होती. भट्टीवर पुन्हा विटा रचल्या जाताना दिसत होत्या. कोळशाच्या गाड्या नाल्याशी येऊन उभ्या राहत होत्या. मी रोज बांधाकडे पाहायची आणि मनातल्या मनात देवाला विनवायची की या वेळी माझे दिवस लांबू दे. पण भीतीनं म्हणा, कशानं म्हणा, ते लवकरच आले. मी मामींपुढे उभी राहिले.

"मामी, या येळी मी घराच्या मागं बसू काय? परसात? मी कशालेच नाही शिवणार."

"घराच्या मागं काय हाये?"

घराच्या मागे विहीर होती आणि विहिरीला लागून पानमळा.

"मागच्या येळी वाफे गेले," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "वेली गेल्या त आपून खाऊ काय? पोरी, मी तुह्यावर आळ घेऊन नाही राह्यली. मले भेव वाटते."

त्यांनी ते इतक्या सरळ सांगितलं की मला रागही आला नाही. मी मुलीला घेऊन खोपटीत गेले. अंगावरच्या मुलाला विटाळ नसतो म्हणून ती माझ्याजवळच असायची. संध्याकाळी भट्टी पेटलेली दिसली. वारा होता, धूर नदीकडे जात होता. मी खोपटीचं दार कुडाला घट्ट बांधून घेतलं आणि मुलीला कुशीत घेऊन पडले.

सकाळी जाग आली ती घसा जळाल्यासारखा झाला म्हणून. उजाडलं होतं, पण उजेड दुधासारखा दाट होता. वारा पडला होता. धुकं आणि धूर एकमेकांत मिसळून जमिनीला चिकटले होते. फटीफटीतून तो गंधकाचा वास आत येत होता. माझे डोळे झोंबत होते, श्वास घेतला की छातीत सुया टोचत होत्या. मुलगी खोकत होती. मी तिला उचललं, तोपर्यंत तिचा खोकला थांबला. तिचं तोंड उघडं होतं, छाती आत ओढली जात होती, रडायचा चेहरा झाला होता, पण आवाज निघत नव्हता.

तो चेहरा मी आजही विसरले नाही. मूल रडतं तेव्हा आईला त्रास होतो, पण रडणारं मूल जिवंत आहे हे कळत असतं. हे रडणं बिनआवाजाचं होतं. मी दार ओढून बाहेर आले. यांना हाका मारायला तोंड उघडलं तर खोकल्याची उबळ आली. बांधाची वाट भट्टीच्या अंगानं जात होती. तिकडे धूर इतका दाट होता की नाल्यावरची बाभूळ दिसत नव्हती. त्या वाटेनं घर गाठेपर्यंत पोर हातात राहणार नाही, हे मला कळलं.

समोर पानमळा होता. शेवरीची ओळ आणि तिच्यामागे काळोखी हिरवळ. मी ओळीपाशी जाऊन थांबले. पाय उचलेना. मला खरोखर वाटत होतं की मी आत गेले की वेली माझ्यासमोर माना टाकतील. एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला घराचं पोट. मग मुलीचं डोकं माझ्या खांद्यावर लुळं पडलं आणि मी आत शिरले.

पहिल्या ओळींत धूर होताच. मी वाकून, वेली चुकवत पुढे जात राहिले. काही ओळी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की घसा पूर्वीसारखा जळत नाही. आणखी आत गेले. तिथे वास होता, पण त्याची धार बोथट झाली होती. अगदी मधोमध एक जाड पांगारा होता, त्याच्या बुंध्याशी मी बसले. पानं दवानं भिजलेली होती. मी पदर पानांवरून फिरवून ओला केला आणि मुलीच्या नाकातोंडावर धरला. दुसऱ्या हातानं तिची पाठ चोळत राहिले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग तिनं एक लांब, घर्रर्र आवाज करणारा श्वास घेतला, आणि रडली. मोठ्यानं रडली.

ते रडणं ऐकून मला जितका आनंद झाला, तितकीच धास्ती बसली. आता सगळ्यांना कळणार होतं मी कुठे आहे ते.

आधी हे आले. मोटेचा नाडा हातात तसाच होता. मला पाहून थबकले.

"तू अठी?"

"बाहेर नाही राहू शकली जी. पोर चालली होती."

त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, पाटाच्या पाण्यात बुडवलं आणि माझ्या हातात दिलं. तेवढ्यात मामींचा आवाज आला, खोकत खोकत. त्या विहिरीकडून येत होत्या. वेलींमधून त्यांचा चेहरा दिसला आणि मी मुलीला घट्ट धरलं. मला वाटलं, आता त्या मला हाकलतील आणि मी पुन्हा त्या धुरात जाईन. उठायला मी पाय गोळाही केले.

मामींनी आधी मुलीकडे पाहिलं. मग माझ्या पायांखालच्या मातीकडे. मग वेलींकडे.

"हलू नोको," त्या म्हणाल्या. "बसली तठीच बस."

त्या स्वतः थोड्या लांब, दुसऱ्या झाडाशी बसल्या. आम्ही सगळे तिथे बसून राहिलो. सकाळ वर आली, मग हळूहळू वारा सुटला, वेलींमधून उन्हाचे कवडसे पडले आणि धूर उचलला गेला. मुलगी झोपली होती. तिच्या छातीतून मांजराच्या घुरघुरीसारखा आवाज येत होता.

त्यानंतरचे दिवस मला त्या सकाळपेक्षाही जड गेले. मी खोपटीत परत जाऊन बसले होते. भट्टीचा धूर आता वाऱ्याबरोबर नदीकडे चालला होता, पण मला तिकडे बघायची सवड नव्हती. मी पानमळ्याकडे बघत बसायची. दुसऱ्याच दिवशी शेवरीची बाहेरची ओळ पांढुरकी झाली. तिची बारीक पानं गळून पडायला लागली. मग तिच्या लगतच्या वेलींच्या पानांवर डाग उमटले, मेथीवर होते तसेच, शिरा हिरव्या आणि मधला भाग जळका. मला खोपटीतून ते सगळं दिसत होतं. मी केलं, असं मला वाटत होतं. मी आत गेले आणि वेली मरायला लागल्या. रात्री मुलगी खोकली की मी देवाला म्हणायची, वेली ने, पोरीला नको. सकाळी वेली पाहिल्या की पुन्हा भेदरायची.

मी न्हाऊन घरात आले त्या सकाळी मामी पानमळ्यात एकट्याच फिरत होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"ये. आत ये."

मी मळ्याच्या कडेशीच उभी राहिले.

"ये म्हणते ना. तू कुठी बसली होतीस ते दाखव."

मी पुढे झाले, त्या मागे. पांगाऱ्याच्या बुंध्याशी माझ्या टाचांचे खळगे अजून मातीत उमटलेले होते. मामी खाली बसल्या. त्यांनी त्या झाडावरची वेल बुडापासून हाताळली. एकेक पान उलटं करून पाहिलं, उजेडात धरलं. एकाही पानावर डाग नव्हता. मग त्या उठल्या आणि त्या झाडापासून बाहेर चालायला लागल्या, खोपटीच्या दिशेनं, ओळीमागून ओळ. पहिले डाग दिसले ते बऱ्याच पुढे. तिथून जसजसं भट्टीकडे जावं तसतसे डाग वाढत गेले, आणि अगदी शेवटी शेवरीची ओळ, जवळजवळ उघडी पडलेली.

मामी तिथेच उभ्या राहिल्या.

"तुह्या पायानं जळालं असतं," त्या सावकाश म्हणाल्या, "त अठून नसतं जळालं. तठून जळालं असतं."

त्यांनी पांगाऱ्याकडे हात केला. मग शेवरीच्या पलीकडे, भट्टीकडे पाहिलं.

"हे बाहेरून आलं. ह्या शेवरीनं घेतलं अंगावर. अन् आतल्याले पोचू नाही देलं."

मग त्या मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांच्याशेजारी बसले.

"मंग मेथी बी..." मी विचारलं.

"मेथी बी धुरानंच. अन् मी तुले इचारत बसली का न्हाली होतीस काय."

डागाळलेली पानं त्यांनी विकली नाहीत. एक पान जरासं चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकायला मळ्याबाहेर गेल्या. मग आम्ही ती सगळी पानं खुडून खड्ड्यात पुरली. त्यातली टोपलीभर मात्र मामींनी बाजूला ठेवली आणि ती डोक्यावर घेऊन त्या भट्टीवर गेल्या. हे त्यांच्याबरोबर होते. परत आल्यावर यांनीच मला सांगितलं: तिथला मुनीम पानं पाहून जरा चपापला. पण म्हणाला, मालक मुंबईला गेलेले, विटा थांबवणं माझ्या हातात नाही आणि धुराला कुठे जायचं ते मी काय सांगणार? मामींनी त्याला एवढंच कबूल करायला लावलं की भट्टी पेटवायच्या आधी निरोप धाडायचा.

निरोप एकदाच आला. त्या वेळी यांनी मला आणि मुलीला गाडीत घालून अचलपूरला सोडलं. वाटेत मी गाडीतून झाडांची पानं पाहत होते. डाग नसलेली पानं पाहूनही मला विश्वास वाटत नव्हता. मी अचलपूरला असतानाच समुद्रापलीकडची लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. वखारीच्या भिंती कमरेएवढ्या होऊन थांबल्या. भट्टीवरचे मजूर पांगले. आम्ही परत आलो तेव्हा भट्टीत नव्यानं रचलेल्या विटा न भाजताच पडून होत्या, आणि त्यांच्यावर कुत्री झोपलेली होती. चैत्रात शेवरीला पुन्हा पालवी आली.

पुढचे माझे दिवस आले तेव्हा मामी खोपटीतली माझी सतरंजी स्वतः उचलून घेऊन आल्या आणि विहिरीशेजारी, घराच्या भिंतीला टेकून घातली. "अठी बस," म्हणाल्या. पानमळ्यात मात्र जायचं नाही, हे त्यांनी कधी सोडलं नाही. मीही त्यांना कधी त्याबद्दल छेडलं नाही. त्या धुरानं त्यांची छाती धरली होती, ती पुढे कधी मोकळी झाली नाही. आणखी काही वर्षं त्यांनी मळा सांभाळला.

एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं कळली नव्हती. पाणी प्यालेले वाफे का जळाले आणि कोरडे का वाचले? ती फार पुढे, आम्ही अमरावतीला राहायला आल्यावर उलगडली. आमच्या शेजारी सरकारी बागेत काम करणारे एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे बारीक वस्तू मोठ्या करून दाखवणारं यंत्र होतं. मी त्यांना आमच्या मळ्याची हकीकत सांगितली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मधे हसले नाहीत. मग एका पानाच्या खालच्या अंगाची पातळ साल काढून काचेवर ठेवली आणि मला म्हणाले, "आजी, बघा."

मी डोळा लावला. आधी काही दिसेना, मग दिसलं. पानभर लहान लहान तोंडं होती. दोन ओठ आणि मधे फट, अशी अगणित.

"पान यातून हवा घेतं," ते म्हणाले. "उजेडात ही तोंडं उघडतात, अंधारात मिटतात. झाडाला पाणी भरपूर असलं की चांगली उघडी राहतात. तहान लागली की पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ती मिटून घेतं. तुमच्या प्यालेल्या वाफ्यांची तोंडं उघडी होती, म्हणून धूर आत गेला. कोरड्यांची बंद होती."

"आणि आत गेल्यावर?"

"आत पान ओलं असतं. गंधकाचा वायू त्या ओलाव्यात विरघळतो आणि आंबट, जाळणारा होतो. थोडा असला तर पान तो पचवतं. त्याचा क्षार करतं, त्यातलं काही स्वतःच्या वाढीलाही वापरतं. झाडाला गंधक थोडं लागतंच. पण एकदम फार आला तर पचवता येत नाही. मग हिरवा भाग मरतो."

"मग शेवरीनं..."

"बाहेरच्या झाडांनी बराचसा ओढून घेतला. दव होतं म्हणता ना? ओल्या पानांवर तो आणखी लवकर बसतो. आत तुमच्यापर्यंत आला तो उरलेला."

मी पुन्हा यंत्राला डोळा लावला. ती उघडी तोंडं पाहून मला शहारा आला. ज्या वाफ्यांपुढे उभी राहून मी स्वतःला अपराधी समजले, ते वाफे तेव्हा माझ्या पोरीसारखेच श्वास घेत होते. मी त्या गृहस्थांना एवढंच विचारलं की माणसाला असं तोंड मिटून घेता येतं का. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मुलगी तेव्हा सासरहून, तेल्हाऱ्याहून, चार दिवस माहेरपणाला आली होती. तिचा आवाज लहानपणापासून घोगरा, थंडीत तिला दम लागायचा आणि अजूनही लागतो. मी घरी येऊन तिला ते सगळं सांगितलं, तोंडांचं, ओठांचं. तिला त्या सकाळचं काही आठवत नाही, आठवणारही नाही. ज्वारी निवडता निवडता तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माय, मग तू किती भेली असशील?"

मी तिला म्हटलं, "खूप." आणि तिच्याजवळ बसून सुपातले खडे काढायला लागले.